काट्यांत पडलेले बी

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे धर्मजीवनाविषयी लिहायचे म्हणजे आधी थोडा खुलासा करणे भाग आहे. आम्ही पाळक नाही, धर्मशास्त्राचे पंडितही नाही. जुन्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात वाढलेले, जन्माने आणि पुढे जाणत्या वयातल्या निर्णयाने ख्रिस्ती असलेले, आणि आयुष्यातली तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकविण्यात घालविलेले एक सामान्य गृहस्थ आहोत. संसाराच्या व्यवधानांमुळे आत्मिक वाढ खुंटते, हे वाक्य आम्ही लहानपणापासून इतक्या प्रवचनांतून ऐकले आहे की त्याचा अर्थ लागणे कधीच थांबले होते. तो पुन्हा लागला तो एका संध्याकाळी, आईच्या खाटेशेजारी. ती संध्याकाळ सांगितल्यावाचून पुढचे काही सांगता येणार नाही.

२०१८ साल होते. आईची स्मरणशक्ती दोनेक वर्षांपासून विरत चालली होती. आधी कालचे गेले, मग परवाचे, मग नातवंडांची नावे गेली. आपण कुणाच्या घरी आहोत, असे ती अधूनमधून विचारी. परंतु तेविसावे स्तोत्र कुणी सुरू केले, की ती ते शेवटपर्यंत म्हणे. एक शब्द चुकत नसे. म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता तिच्याजवळ बसून एखादे स्तोत्र वाचायचे, असा नेम आम्ही घालून घेतला होता. चष्मा आणि जाडजूड पवित्र शास्त्र दोन्ही शोधण्याचा कंटाळा, म्हणून वाचन मोबाइलवरून चाले.

त्याच दिवसांत आमच्या मंडळीच्या पंच कमिटीची निवडणूक होती. दोन गट पडले होते. एका गटात आम्ही होतो आणि आमचा गट सत्याच्या बाजूचा आहे याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नव्हती. त्या संध्याकाळी तेविसाव्या स्तोत्राच्या दोन ओळी वाचून झाल्या असतील, तोच पडद्याच्या वरच्या कडेवरून एक निरोप खाली सरकला. आमच्यावर जमाखर्चाचा आरोप होता. एका मिनिटात उत्तर देऊ म्हणून आम्ही बोट टेकविले. एकाची चार उत्तरे झाली. मान वर केली तेव्हा आई छताकडे पाहत उरलेले स्तोत्र एकटीच म्हणत होती. शेवटपर्यंत म्हणून ती थांबली, आमच्याकडे वळली आणि म्हणाली, "तुम्हांला उशीर होत असेल. निघा तुम्ही."

आईने आम्हांला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटले नव्हते. तिने आम्हांला कुणी परका पाहुणा समजून तसे म्हटले, की क्षणभर सगळे लख्ख उमजून म्हटले, हे आम्हांला आजही ठरविता येत नाही. त्यानंतर ती फारशी बोलली नाही. पंधरवड्याने ती गेली. निवडणूक आमच्या गटाने जिंकली.

पेरणाऱ्याचा दाखला मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. वाटेवर पडलेले बी पाखरे टिपतात. खडकाळीवर पडलेले उगवते, पण मुळाला ओल नाही म्हणून उन्हाने करपते. तिसरे काट्यांत पडते. चौथे चांगल्या जमिनीत पडून पीक देते. आम्ही ऐकलेल्या प्रवचनांत भीती घातली जाई ती बहुधा पहिल्या दोन जमिनींची, म्हणजे ज्याने ऐकलेच नाही त्याची आणि जो छळात टिकला नाही त्याची. आमच्यासारखे लोक या दोहोंत मोडत नसल्याने स्वतःला आपोआप चौथ्या जमिनीत धरून मोकळे होत. तिसऱ्या बीचे वैशिष्ट्य मात्र आमच्या नजरेतून निसटले होते. ते बी खाल्ले जात नाही. करपल्याचेही तिथे सांगितलेले नाही. काटे त्याच्याबरोबर वाढतात, त्याची घुसमट होते आणि ते फळाला येत नाही. मार्क या काट्यांची फोड करून तीन गोष्टी सांगतो: रोजच्या जगण्याच्या काळज्या, पैशाची भुरळ, आणि आणखी काहीतरी हवे असण्याची ओढ. यांतली पहिली तर पापांच्या कुठल्याही यादीत बसणार नाही. मुलीच्या शाळेची फी आणि घराच्या कर्जाचा हप्ता यांची काळजी करणाऱ्याला कोण दोषी म्हणेल?

आमचे आजोळ शेतकऱ्याचे. ज्वारीच्या रानात हराळी आणि कुंदा माजला म्हणजे काय होते, हे लहानपणी पाहिलेले आहे. तण पिकावर चाल करून येत नाही. ते त्याच ओलीवर, त्याच खतावर वाढते. बांधावरून पाहणाऱ्याला सगळे रान हिरवेगारच दिसते. आत शिरून ताटे चाळावीत तेव्हा कणीस भरलेले नसते. आजोबा खुरपणीला बायका लावीत, त्या एकदा खुरपून गेल्या तरी पुन्हा बोलवाव्या लागत. हे एकदा करून संपत का नाही, असे आम्ही विचारल्याचे आठवते. त्यांनी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा दिले नसावे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता.

आईचे बी कुठल्या जमिनीत पडले होते हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण खुरपणी रोज होत असे, एवढे आम्ही पाहिले आहे. वडील मिशनच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दिवेलागणीनंतर, जेवणाआधी, घरची उपासना होई. कंदिलाभोवती सतरंजी अंथरायची. 'उपासना संगीत'मधले एक गीत, मग पाळीपाळीने एकेकाने पवित्र शास्त्रातील ओव्या वाचायच्या (आमच्याकडे वचनांना वडील 'ओव्या'च म्हणत), मग वडिलांची प्रार्थना. ती लांबत असे. गावातल्या आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्यांची, पाऊस न पडलेल्या शिवारांची नावे तीत येत. चुलीवर पिठले थंड होत असे.

या आठवणीला सोन्याचा वर्ख लावण्याची इच्छा नाही. त्या प्रार्थनेत आमचे चित्त होते असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. कंदिलावर झेपावणारे किडे आणि त्यांच्यासाठी भिंतीवर दबा धरून बसलेली पाल, यांकडे आम्ही अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहत असू. पालीने किडा गट्ट केला, की धाकट्या भावाला कोपर मारायचे. पुढे कित्येक वर्षांनी संत ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' वाचताना दहाव्या भागात आम्ही थबकलो. इसवी सन ४०० च्या सुमारास, हिप्पोचा बिशप असताना, हा मनुष्य देवाजवळ कबुली देतो की घरी बसले असता माशा पकडणारी पाल आपले चित्त ओढून घेते, आणि रानातून जाताना सशामागे धावणारा कुत्रा मोठ्या चिंतनातूनही आपल्याला बाहेर काढतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या पालीने आम्हांला फार धीर दिला, हे मान्य केले पाहिजे.

मनाची पांगापांग मोबाइलने आणली, असे म्हणण्याची आज रीत आहे. ती सोयीची आहे, पण खरी नाही. ऑगस्टीनच्याच काळात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक तपस्वी राहत होता. तो ३९९ साली वारला. जिला 'मध्यान्हीचा सैतान' असेही म्हटले जाई, त्या ग्लानीचे त्याने केलेले वर्णन अभ्यासकांनी मुळातून पाहावे. सूर्य डोक्यावर आला आहे. कोठडीतला तपस्वी सारखा खिडकीकडे पाहतो. दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे त्याला वाटते. जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे, हे सूर्याकडे पाहून अजमावतो. कुणी बंधू भेटीला येतो आहे का, म्हणून डोकावतो. मग ही जागाच वाईट, हे कामच वाईट, बंधूंमध्ये प्रेमच उरले नाही, असे त्याच्या मनात येऊ लागते. सोडून आलेले घर आठवू लागते. त्या वाळवंटात बाजार नव्हता, वर्तमानपत्र नव्हते, मंडळीची निवडणूक नव्हती. जग सोडून आलेला मनुष्य जग मनात घेऊन आला होता.

तरीही एक फरक नोंदविला पाहिजे. ऑगस्टीनच्या पालीला ऑगस्टीनशी काही देणेघेणे नव्हते. तिला माशी हवी होती. आज आमच्या हातातल्या पडद्यावर जे हलते, ते आम्ही पाहत राहावे म्हणूनच हलविले जाते. आमचे लक्ष हाच तेथील माल आहे आणि तो जाहिरातदाराला विकला जातो. दुर्बलता जुनीच असली तरी तिच्यावर चालणारा एवढा मोठा धंदा नवा आहे.

या धंद्याचे चित्र जॉन बन्यनने १६७८ साली छापलेल्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मध्ये आधीच काढून ठेवले आहे, असे कुणी म्हणेल. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परका नाही. हरी केशवजींनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने तो मराठीत आणला. त्यातला 'व्हॅनिटी फेअर'चा बाजार प्रसिद्धच आहे. थॅकरेने आपल्या कादंबरीला नाव दिले ते त्यावरूनच. बन्यनच्या बाजारात घरेदारे, मानमरातब, पदव्या, राज्ये, सुखे, एवढेच काय पण नवरे, बायका आणि मुले हेही विकायला मांडलेले आहे. दोन यात्रिक काहीच विकत घेत नाहीत, म्हणून बाजार खवळतो, त्यांना पिंजऱ्यात घालतो, एकाला जाळून मारतो. धर्ममताखातर बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढलेल्या लेखकाला बाजार असाच दिसणार.

आम्हांला या प्रकरणातल्या दोन गोष्टींनी विचारात पाडले. एक अशी, की स्वर्गीय नगरीकडे जाणारा रस्ता या बाजारातूनच जातो. बन्यन वळसा घालून जाणारी वाट ठेवीत नाही. ती ज्याला हवी असेल त्याला जगाच्याच बाहेर जावे लागेल, असे त्याचे म्हणणे आहे. दुसरी गोष्ट आमच्या काळाची. आमच्या बाजाराने आम्हांला कधी पिंजऱ्यात घातले नाही. त्याने आमच्या श्रद्धेला हरकतच घेतली नाही. उलट, नाताळ आला की तो आमच्याआधी तारे लावतो. छळाने जो यात्रिक हटला नसता, तो येथे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडता हिंडता संध्याकाळ करतो, आणि आपण यात्रेला निघालो होतो हे त्याला रात्री अंथरुणावर आठवते.

आमच्या घरात हे कसे झाले? कुणी एके दिवशी उपासना बंद केली नाही. १९८०च्या दशकात शेजारी टीव्ही आला, मग आमच्याकडे आला. उपासना साडेसातच्या बातम्यांच्या आधी उरकू लागली. नाव सांगता सांगता वडिलांची प्रार्थना आखडली; आधी शिवारे गेली, मग परीक्षार्थी गेले. १९८७ आणि १९८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' मालिका असे, आणि आमच्या चर्चची घंटाही त्याच सुमारास होई. आम्ही तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे होतो. शेजाऱ्यांच्या खिडकीशी उभे राहून एक प्रसंग पाहायचा आणि धावत जाऊन शेवटच्या बाकावर बसायचे, हा आमचा शिरस्ता. मालिकेला आम्ही बोल लावीत नाही. ज्यांच्यासाठी ती भक्ती होती त्यांनी ती हात जोडून पाहिली. आम्हांला मात्र ना तिथली भक्ती लाभली, ना इथली. आम्ही दोन्हीकडे धावत होतो.

पुढे नोकरी लागली, लग्न झाले, शहरात घर झाले. २०१०नंतर प्राध्यापकांच्या कामाचे गुण मोजले जाऊ लागले आणि चर्चासत्रांच्या प्रमाणपत्रांच्या फायली फुगू लागल्या. घरची उपासना फक्त वर्षाअखेरच्या रात्री आणि आजारपणात उरली. या सगळ्यात आम्ही अश्रद्ध झालो असे नव्हे. रविवार चुकत नव्हता, दशमांश नसला तरी वर्गणी चुकत नव्हती. बांधावरून पाहणाऱ्याला रान हिरवेच होते.

येथे 'जग' या शब्दाविषयी थोडे बोलायला हवे. तेवढा आमच्या पेशाचा हक्क वाचक देतील. योहानाच्या शुभवर्तमानात देवाने ज्याच्यावर प्रीती केली ते जग, आणि योहानाच्याच नावे असलेल्या पहिल्या पत्रात ज्याच्यावर प्रीती करू नका असे बजावले आहे तेही जग. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे 'कॉसमॉस' हा एकच शब्द आहे. मराठी ख्रिस्ती मनाला हा पेच अधिक जाणवतो, कारण त्याच्यापाशी 'संसार' आणि 'परमार्थ' हे संतांकडून आलेले शब्दही आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. मग ख्रिस्ती माणसाने संसार सोडावा की काय? ज्या गुरूने लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला आणि जकातदारांच्या पंगतीला बसल्याबद्दल बोल ऐकून घेतले, त्याच्या शिष्याला हे उत्तर इतके सहज देता येणार नाही.

लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था आणि मरीया या दोन बहिणींची गोष्ट येते. येशू घरी आला असता मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते. मार्था पाहुणचाराच्या धांदलीत आहे, आणि बहिणीला कामाला लावा म्हणून ती पाहुण्याकडेच गाऱ्हाणे करते. येशू तिला प्रेमाने सुनावतो. ही गोष्ट आम्हांला कधी पटली नव्हती, कारण आमची आई मार्था होती. सणाला पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुणी असे म्हणावे, याचा आम्हांला राग येई. आईच्या त्या संध्याकाळीनंतर गोष्ट पुन्हा वाचली, तेव्हा ध्यानात आले की तिथे स्वयंपाकाला कुणी नावे ठेवलेली नाहीत. मार्थेचे मन अनेक गोष्टींत ओढले गेले आहे, याबद्दल ते बोलणे आहे. आणि ती ज्यांत ओढली गेली त्या सर्व गोष्टी त्याच पाहुण्यासाठी चालल्या होत्या! आमची निवडणूक अशीच होती. चर्चचा जमाखर्च चोख असावा, हे कामही देवाचेच. त्या कामापायी देवाचे नाव घेणाऱ्या म्हातारीला एकटे सोडून आम्ही चर्चची लढाई लढत होतो. जी व्यवधाने उघडपणे ऐहिक असतात ती निदान ओळखू तरी येतात. धर्मकार्याचा झगा घालून येणारे व्यवधान आपण स्वतः दार उघडून आत घेतो आणि त्याला पाट मांडतो.

परंतु याच अध्यायात या गोष्टीच्या लगेच आधी काय आहे, तेही पाहिले पाहिजे. तिथे चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला मनुष्य रस्त्यावर पडला आहे. याजक बाजूने जातो, लेवी बाजूने जातो. शोमरोनी थांबतो. त्यालाही कुठेतरी जायचे होते. त्याचा प्रवास मोडला, पैसे गेले, रात्र गेली. अध्यात्मात व्यत्यय नको म्हणणाऱ्याने याजकासारखे बाजूने निघून जायला हरकत नव्हती. मार्कच्या पाचव्या अध्यायात येशू याईराच्या मरणासन्न मुलीकडे निघाला असता, गर्दीत एक आजारी बाई त्याच्या वस्त्राला शिवते. आणि तो थांबतो, कोण शिवले म्हणून विचारतो, तिचे सगळे ऐकून घेतो. मुलीचा बाप शेजारी उभा आहे, वेळ जातो आहे.

लूकने हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि एकाला दुसऱ्यावाचून वाचू नये असे आता आम्हांला वाटते. वाटेत आडवा येणारा मनुष्य हा व्यत्यय असतो. तो आपल्याला आपल्याच बेतातून बाहेर काढतो. चित्ताची पांगापांग ही निराळी गोष्ट. ती समोरच्या माणसातून बाहेर काढते. पहिल्याने आपण कुणाजवळ तरी पोहोचतो. दुसरीने आपण जिथे असतो तिथूनही नाहीसे होतो. आमच्या मोबाइलवरचा निरोप आणि खाटेवरची आई, यांत व्यत्यय कोणता आणि व्यवधान कोणते, हे त्या संध्याकाळी आम्हांला उलटे कळले होते.

टिळक दांपत्याच्या संसाराचा या दृष्टीने विचार करावासा वाटतो. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि 'देवाचा दरबार' मांडला. मोकळ्या होण्याची ती एक थोर रीत होती. पण १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त ज्या बाईचा आवाज आपण ऐकतो, तिच्या वाट्याला अशी मोकळीक कधी आली नाही. घरात पै नाही, नवऱ्याने कुणालातरी जेवायला आणलेले, पदरी आलेली दुसऱ्यांची पोरे, रोजची ओढाताण. आमच्या वाचनात त्या पुस्तकाचे सामर्थ्य असे, की लक्ष्मीबाई या माणसांना आपल्या साधनेतला अडथळा मानीत नाहीत. समोर आलेल्या माणसाकडे त्या पुरतेपणी पाहतात, म्हणून तर पन्नास वर्षांनीही त्यांना त्याचे बोलणे आठवते. आणि टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे पूर्ण केले ते याच बाईने. म्हणजे चुलीशेजारीही लक्ष एकवटते. तिथे ते एकवटावे लागते, एवढेच.

आपल्या भाषेत 'लक्ष' या शब्दाभोवतीची क्रियापदे मोठी बोलकी आहेत. लक्ष जाते, लक्ष वेधले जाते, लक्ष उडते; या वेळी माणूस काही करीत नाही. पण लक्ष द्यावे लागते, लक्ष ठेवावे लागते, लक्ष लावावे लागते. जे आपोआप जाते, तेच हेतुपूर्वक द्यायचे असते. आपल्यापाशी देण्यासारखे फार थोडे आहे आणि त्यातले बरेचसे आपण दिल्यावाचूनच गेलेले असते.

सिमोन वेल या फ्रेंच लेखिकेने (१९०९–१९४३) लक्ष देणे हाच प्रार्थनेचा गाभा मानला. शालेय अभ्यासाचा ईश्वरप्रेमाशी काय संबंध, यावर तिचा एक निबंध आहे. तो विद्यार्थ्यांनी आणि आमच्यासारख्या शिक्षकांनी अवश्य वाचावा. भूमितीचे उदाहरण सुटले नाही तरी त्यावर खरेपणाने दिलेले लक्ष वाया जात नाही, ते पुढे प्रार्थनेला उपयोगी पडते, असा तिचा विचार आहे. स्वतः तिने येशूने शिकविलेली प्रार्थना ग्रीकमधून पाठ केली होती. रोज सकाळी ती एकदा, पुरते लक्ष देऊन म्हणायची. मध्ये मन जरा जरी ढळले, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, असा तिचा नेम होता.

आई गेल्यानंतरच्या उपवासकाळात आम्ही हा नेम करून पाहिला, मराठीतून. साठ शब्दांच्या आसपासची प्रार्थना; लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली. पहिल्या दिवशी तिसऱ्या विनंतीपलीकडे जाता आले नाही. सात वेळा आरंभ केला आणि सातही वेळा रोजच्या भाकरीपाशी येण्याच्या आतच आम्ही कुठेतरी भटकत गेलो होतो: कधी विद्यापीठाच्या पत्राकडे, कधी गुडघ्याच्या दुखण्याकडे, एकदा तर आपण किती छान नेम चालविला आहे या विचाराकडे. चाळीस दिवसांत ती प्रार्थना अखंड लक्षाने पूर्ण झाली असे आम्ही प्रामाणिकपणे फक्त दोनदा म्हणू शकतो. तेवढ्याने काय झाले? कुठलाही साक्षात्कार झाला नाही. फक्त एक गोष्ट आयुष्यात प्रथमच दिसली. त्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही. पिता आमचा आहे, भाकर आम्हांला हवी आहे, अपराध आमचे आहेत, क्षमाही आम्हीच करायची आहे. एकट्याने कोठडीचे दार लावून म्हटली, तरी ती चारचौघांची प्रार्थना आहे. वडील शिवारांची आणि आजाऱ्यांची नावे का घेत असत, हे पन्नाशीत येऊन कळले.

आणखी एक प्रश्न त्या खाटेशेजारून उठून आमच्याबरोबर आला आहे. आईचे सगळे पुसले गेले, तेव्हा तेविसावे स्तोत्र उरले. ते चमत्काराने उरले नाही. साठेक वर्षांच्या संध्याकाळी त्यामागे होत्या; त्यांतल्या पुष्कळशा तिने पिठले थंड होताना, पोरांना डोळ्यांनी दटावताना काढल्या असतील. लक्षाचा गाळ असा रोज थोडाथोडा बसत जातो आणि शेवटी पूर ओसरला की तोच दिसतो. आमचे पुसले जाईल तेव्हा आमच्या ओठांवर काय येईल? निवडणुकीतल्या त्या आरोपाला दिलेले उत्तर आम्हांला अजून शब्दन् शब्द आठवते. याची आम्हांला भीती वाटते. आत्मिक वाढ खुंटणे म्हणजे नरकाची तयारी वगैरे आम्ही मानीत नाही. परंतु शेवटच्या दिवसांत कुणी शेजारी बसून आरंभ करून द्यावा आणि पुढचे म्हणायला आपल्यापाशी काहीच नसावे, याहून मोठे दारिद्र्य आम्हांला सुचत नाही.

गेली काही वर्षे घरची उपासना पुन्हा सुरू केली आहे. कमिटीत आम्ही पुन्हा उभे राहिलो नाही. जे उभे राहतात त्यांना मात्र आम्ही कमी लेखीत नाही, कुणीतरी जमाखर्च पाहिलाच पाहिजे. साडेसात वाजता घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवायचे. एक गीत, एक उतारा, एक प्रार्थना. बारा-पंधरा मिनिटांत आटपते. मुलगी सुट्टीत आली की बसते, आणि तिचे डोळे मधूनच फळीकडे जातात. आमचेही जातात. परवा प्रार्थना चालू असता दार वाजले. शेजारच्या आजी एकट्याच होत्या आणि त्यांच्या घरातला दिवा गेला होता. आम्ही उठून गेलो, दिवा लागेपर्यंत त्यांच्याशी बोलत बसलो, परत आलो आणि राहिलेली प्रार्थना पुढे चालविली. नावांच्या यादीत त्यांचे नाव घातले.

ही यादी सध्या लहान आहे. वडिलांच्या यादीएवढी व्हायला बराच काळ लागेल. तण तर रोजच उगवते. उद्या पुन्हा खुरपायला बसायचे.